मोलकरणीच्या हातून कपबशा फुटत राहिल्या, पण डॉक्टरने तिला काढलं नाही. एमएसचं कोडं तिथून उलगडायला लागलं

पॅरिसमधल्या एका डॉक्टरच्या घरी एक मोलकरीण होती. तिच्या हातांना विचित्र कंप होता. काही उचलायला गेली की हात थरथरायचा आणि भांडं खाली. या धांदरटपणामुळे तिला कुठंच काम मिळत नव्हतं. दुसऱ्या एखाद्याने पहिल्याच आठवड्यात हिशोब करून तिला घरी पाठवलं असतं.

या डॉक्टरने मात्र तिला ठेवून घेतलं. एखाद-दोन महिने नाही, तर वर्षानुवर्षं. फुटलेल्या बशा आणि ताटांचा खर्च भरपूर झाला, पण बाईची नोकरी गेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, किती दयाळू माणूस!

दया असेलही, पण त्यात हिशोबसुद्धा होता. तिच्या थरथरणाऱ्या हातांमागं नक्की काय आहे, हे त्या डॉक्टरला शोधायचं होतं. पुढं ती वारली. डॉक्टरने तिचा मेंदू आणि मज्जारज्जू तपासला, आणि जागोजागी घट्ट झालेले डाग सापडले.

आज आपण ज्याला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस म्हणतो, त्या आजाराचे ते डाग होते. डॉक्टरचं नाव होतं ज्याँ मार्तें शार्को.

हा किस्सा शार्को गेल्यावर त्याच्या एका विद्यार्थ्याने मृत्युलेखात लिहून ठेवला. त्या विद्यार्थ्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

शार्कोने एमएस ओळखला, त्याला नाव दिलं, तो दुसऱ्या आजारांपासून वेगळा काढून दाखवला. पण हा आजार होतो कशामुळे, या प्रश्नावर मात्र त्याचा अंदाज चुकला. एवढा मोठा माणूस कुठं चुकला आणि खरं कारण पुढं कसं सापडत गेलं, हीच आजची गोष्ट.

घोडागाड्या बनवणाऱ्याचा पोरगा

शार्कोचा जन्म २९ नोव्हेंबर १८२५ चा, पॅरिसचाच. वडील घोडागाड्या बनवायचे. घरात चार भाऊ आणि पैसा बेताचा. सगळ्यांना शिकवणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे जो अभ्यासात पुढं राहील त्यालाच पुढं शिकवायचं असं वडिलांनी ठरवलं, असं सांगतात. ज्याँ मार्तेंने बाजी मारली.

पोरगा अबोल होता, पण चित्रं झकास काढायचा. हातातली ही कला त्याने डॉक्टर झाल्यावरही सोडली नाही. पेशंट कसा उभा राहतो, चेहरा कुठं वाकडा होतो, बोटं कशी वळतात, हे तो कागदावर उतरवायचा. डोळ्यांना जे दिसतं ते आधी नीट बघा, मग बोला, हाच त्याचा आयुष्यभराचा नियम राहिला.

१८५३ मध्ये त्याने डॉक्टरकीचा प्रबंध पूर्ण केला. विषय होता गाऊट आणि जुनाट संधिवात यातला फरक. म्हणजे वरवर सारखे दिसणारे दोन आजार वेगळे काढायचं काम तो तेव्हापासूनच करत होता.

१८६२ मध्ये त्याला साल्पेत्रिएर या हॉस्पिटलमध्ये प्रमुख डॉक्टर म्हणून जागा मिळाली. सोबत त्याचा मित्र अल्फ्रेड व्हल्पियाँसुद्धा होता.

जिथं कुणाला जायचं नव्हतं, तिथं हा गेला

साल्पेत्रिएर हे काही नावाजलेलं हॉस्पिटल नव्हतं. मुळात तो बारुदाचा कारखाना. बारुदाला सोरा लागतो आणि सोऱ्याच्या फ्रेंच नावावरूनच त्या जागेला हे नाव पडलं. पुढं १४ व्या लुईच्या काळात तिथं गरीब, भिकारी, वेड्या ठरवलेल्या, फिट येणाऱ्या आणि रस्त्यावरच्या बायकांना ठेवायला लागले. काही जणींसाठी ते आश्रयाचं ठिकाण होतं, तर काही जणींसाठी सरळसरळ तुरुंग.

शार्को आला तेव्हा तिथं जवळपास ५ हजार बायका होत्या. बऱ्याच जणी म्हाताऱ्या आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या. नेमका आजार काय, हे बहुतेकींच्या बाबतीत कुणालाच माहिती नव्हतं. तरुण, हुशार डॉक्टरांना तिथं थांबण्यात काही रस नसायचा. तिथं नाव होणार नाही आणि पेशंट बरे होणार नाहीत, असाच समज.

शार्कोला मात्र तिथं वेगळंच काहीतरी दिसलं.

बाकीच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट येतो, चार दिवस राहतो आणि निघून जातो. इथं तीच बाई १० वर्षं डोळ्यांसमोर आहे. तिचा आजार कसा सुरू झाला, कसा वाढला, शेवट कसा झाला, सगळं बघता येतंय. आणि ती वारली की शरीर उघडून आत नेमकं काय बिघडलं होतं तेही तपासता येतंय. त्याच्या लेखी ते आजारांचं जितंजागतं संग्रहालय होतं.

मग शार्को आणि व्हल्पियाँ कामाला लागले. वॉर्डामागून वॉर्ड पालथे घातले, बायका तपासल्या आणि नोंदी ठेवल्या. जिवंतपणी दिसलेली लक्षणं आणि मेल्यावर मेंदूत सापडलेला बिघाड यांची जोडी लावायची, ही त्यांची पद्धत. आज प्रत्येक न्यूरॉलॉजिस्ट पेशंटला तपासताना बिघाड कुठं असेल याचा अंदाज बांधतो, त्या विचाराचा पाया असा घातला गेला.

आता ही गोष्ट सांगताना एक अडचणीची बाजूही सांगायला पाहिजे. या बायकांना विचारतंय कोण? त्यांच्यावर अभ्यास झाला, पण त्यांची परवानगी आजच्या अर्थाने कुणी घेतली नव्हती. हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली, त्या बदल्यात त्यांनी आपलं शरीर दिलं. विज्ञान पुढं गेलं ते या बायकांमुळे, आणि त्यातल्या बहुतेकींची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत.

टोपीतलं पीस आणि दोन वेगळे आजार

त्या काळात थरथर दिसली की सगळ्यांना एकाच गोणीत भरलं जायचं. शार्कोने ही गोणी सोडली.

त्याने बघितलं की काही पेशंटचा हात निवांत मांडीवर ठेवलेला असतानाही थरथरतो. काहींचा मात्र निवांत असताना स्थिर असतो. पाण्याचा पेला तोंडाकडे न्यायला लागला की थरथर सुरू होते आणि पेला ओठांच्या जवळ येईल तशी वाढत जाते.

पहिला आजार म्हणजे पार्किन्सन्स. हे नावसुद्धा शार्कोनेच रूढ केलं, इंग्लंडच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरच्या आठवणीत. दुसरा आजार म्हणजे एमएस.

मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यालाही थरथरीतला फरक कळावा म्हणून तो पेशंटच्या डोक्यावर लांब पिसांच्या टोप्या घालायचा, असं सांगतात. पीस कसं हलतंय ते बघा आणि आजार ओळखा. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा ना स्कॅन होते ना व्हिडिओ.

आता हे डाग पहिल्यांदा शार्कोनेच बघितले होते का? तर नाही. स्कॉटलंडच्या रॉबर्ट कार्सवेलने आणि पॅरिसच्याच ज्याँ क्रुव्हेलिएने काही दशकं आधीच त्यांची चित्रं काढून ठेवली होती. पण ती मेलेल्या माणसांच्या मज्जारज्जूची चित्रं होती. समोर चालत-बोलत आलेल्या पेशंटला नेमका हाच आजार आहे, हे ओळखायची पक्की रीत नव्हती.

१८६६ मध्ये व्हल्पियाँने या आजाराचे पेशंट डॉक्टरांच्या सभेत मांडले. १८६८ मध्ये शार्कोने त्याचं पूर्ण वर्णन केलं आणि फ्रेंचमध्ये त्याला नाव मिळालं, ज्याचा अर्थ होतो ठिकठिकाणी पसरलेले कठीण डाग. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेसुद्धा तेच. मल्टिपल म्हणजे अनेक आणि स्क्लेरोसिस म्हणजे कठीण होणं.

डोळ्यांची बुबुळं आपोआप हलणं, काही करायला गेलं की हात थरथरणं आणि तुटक-तुटक बोलणं, ही तीन लक्षणं त्याने एकत्र बांधून दिली. आज आपल्याला माहिती आहे की प्रत्येक पेशंटमध्ये ही तिन्ही दिसत नाहीत. पण तेव्हा डॉक्टरांना हाताशी धरायला काहीतरी मिळालं.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं?

हा भाग जरा नीट समजून घेऊ, कारण आजाराचं मूळ इथं आहे.

आपल्या घरातली विजेची वायर आठवा. आत तांब्याची तार असते आणि वर प्लॅस्टिकचं आवरण. आपल्या नसांचंही तसंच असतं. आत संदेश वाहून नेणारा तंतू आणि वर चरबीचं आवरण. या आवरणाला मायलिन म्हणतात. मायलिन चांगलं असेल तर मेंदूचा निरोप झपकन पोचतो. मायलिन गेलं की निरोप रखडतो, चुकतो किंवा पोचतच नाही.

शार्कोने डागांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्याला दिसलं की डागाच्या जागी आवरण नाहीसं झालंय, पण आतली तार बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे.

हे फार महत्त्वाचं निरीक्षण होतं. एमएसचे कित्येक पेशंट एखादा झटका आल्यावर काही आठवड्यांत सुधारतात आणि मग पुन्हा झटका येतो, असं का होतं याचं उत्तर त्यात होतं. तार जिवंत असेल तर काम परत सुरू होऊ शकतं. पण वारंवार मार बसत राहिला तर शेवटी तारही मरते आणि मग अपंगत्व कायमचं होतं.

डाग शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे लक्षणंही वेगवेगळी असतात. डोळ्याच्या नसेवर डाग असेल तर एका डोळ्याने अंधुक दिसतं. मज्जारज्जूत असेल तर पाय जड होतात, बधिर होतात, लघवीवरचा ताबा जातो. तोल सांभाळणाऱ्या भागात असेल तर माणूस झोकांड्या खात चालतो.

इथपर्यंत शार्को बरोबर होता.

मग चुकला कुठं?

शार्कोला वाटलं की नसांच्या मधला जो आधार देणारा पेशीसमूह असतो, तोच आधी वाढतो. तो वाढून घट्ट होतो आणि नसांचं आवरण दाबून टाकतो. म्हणजे कठीण डाग हा गुन्हेगार.

प्रत्यक्षात तो घट्टपणा म्हणजे जखम भरल्यावर राहणाऱ्या वणासारखा प्रकार. वण दिसला की जखम झाली होती एवढं कळतं. जखम कुणी केली हे वण सांगत नाही.

गंमत म्हणजे खरा धागा तेव्हाच दुसऱ्या एकाच्या हाताला लागला होता. जर्मनीच्या एदुआर्द रिंडफ्लाइशने १८६३ मध्येच लिहिलं होतं की या डागांच्या मधोमध रक्तवाहिनी असते आणि तिच्याभोवती दाह दिसतो. म्हणजे मेंदूत गडबड करणारी गोष्ट रक्तातून येत असावी. पण तेव्हा रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र जन्मालाच आलं नव्हतं, त्यामुळे या निरीक्षणाचं पुढं काय करायचं हे कुणालाच उमजलं नाही.

मग पेशंटला हा आजार का झाला, याची यादी शार्कोने केली. ओलाव्यात, थंडीत राहणं. पडणं, मार लागणं. टायफॉइडसारखा मोठा ताप. आणि दीर्घकाळचं दुःख, मनस्ताप.

यादी बघितली तर ओळखीची वाटते ना? आपल्याकडे आजही घरातल्या कुणाला असा आजार झाला की नातेवाईक हेच बोलतात. टेन्शन फार घ्यायची, थंड पाण्याने अंघोळ करायची, कुणाची तरी नजर लागली. कारण सापडलं नाही की बोट शेवटी पेशंटकडेच वळतं.

उपचार म्हणून तेव्हा सोन्याचे, चांदीचे, जस्ताचे क्षार दिले जायचे, स्ट्रिक्नीन नावाचं विषही थोड्या मात्रेत दिलं जायचं. फरक काही पडला नाही आणि शार्कोने ते लपवूनही ठेवलं नाही.

नाव झालं, आणि नावाला डागही लागला

१८८२ मध्ये शार्कोसाठी मज्जासंस्थेच्या आजारांचं खास अध्यासन तयार झालं. जगातलं अशा प्रकारचं ते पहिलं मानलं जातं. त्याची व्याख्यानं ऐकायला डॉक्टरांसोबत लेखक, कलाकार, पॅरिसची बडी मंडळी यायची. जोसेफ बाबिन्स्की, जिल द ला तुरेत, पिएर मारी ही पुढं गाजलेली नावं त्याच्याच हाताखाली तयार झाली. १८८५-८६ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून फ्रॉइडही तिथं आला होता.

घरी मात्र हा माणूस वेगळा. श्रीमंत विधवा ओगुस्तिनशी त्याचं लग्न झालेलं. प्राण्यांवर भारी जीव. घरात कुत्री होती, माकड होतं. प्राण्यांवर प्रयोग करण्याच्या तो विरोधात होता.

पण शेवटच्या काळात शार्कोने जो विषय हातात घेतला, त्याने त्याच्या नावाला डाग लागला. तो विषय म्हणजे हिस्टेरिया. भरसभेत बायकांना संमोहित करायचं, त्यांचे झटके दाखवायचे. १८८७ मध्ये आंद्रे ब्रुइये या चित्रकाराने काढलेलं अशाच एका सभेचं चित्र आजही प्रसिद्ध आहे. डॉक्टरांना जे बघायचं आहे तेच पेशंट करून दाखवतात, अशी टीका तेव्हाच झाली, आणि ती बऱ्याच अंशी खरी ठरली.

याचा एमएसशी काय संबंध? आहे. एमएसची सुरुवात बऱ्याचदा तरुण बाईमध्ये होते. आज पाय बधिर, महिन्याने ठीक. मग डोळ्याला अंधुक, परत ठीक. वरवर तपासलं तर काहीच सापडत नाही. अशा कितीतरी बायकांना पुढची अनेक दशकं हिस्टेरिया म्हणून, नाटक म्हणून घरी पाठवलं गेलं. ज्याने एमएस सगळ्यात बारकाईने दाखवला, त्यानेच गाजवलेला दुसरा शब्द एमएसच्या पेशंटच्या आड आला.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी फ्रान्सच्या मोर्व्हां भागात सहलीला गेलेला असताना शार्कोचा मृत्यू झाला. हृदय कमकुवत झालं होतं, फुफ्फुसात पाणी साचलं. वय ६७ वर्षं.

कारणाचा शोध पुन्हा सुरू

शार्कोचा विद्यार्थी पिएर मारी याने १८८४ मध्ये गुरूपेक्षा वेगळी भूमिका घेतली. हा आजार कुठल्यातरी जंतुसंसर्गामुळे होतो, असं त्याचं म्हणणं. पाश्चरच्या लसीचे ते दिवस होते, त्यामुळे एक दिवस यावरही लस निघेल अशी आशा त्याने बाळगली. लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

दुसरा धागा त्याच लसीतून निघाला. १८८५ मध्ये पाश्चरने जोसेफ मायस्टर या मुलाला रेबीजची लस दिली, त्याआधी ज्या डॉक्टरांचा सल्ला घेतला त्यात शार्कोचा मित्र व्हल्पियाँ होता. ही लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनवायची. लाखो जीव वाचले, पण मोजक्या लोकांना लस घेतल्यावर लुळेपणा यायचा. असं का?

कुत्रं चावलं की पोटात १४ इंजेक्शनं, हे आपल्या आधीच्या पिढीला चांगलंच आठवत असेल. ती लससुद्धा मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि क्वचित तसाच त्रास द्यायची. म्हणून २००४-०५ च्या सुमारास ती आपल्याकडे बंद झाली. आताच्या रेबीजच्या लसीत मेंदूचा अंश नसतो, त्यामुळे कुत्रं चावलं तर न घाबरता लगेच लस घ्यायची.

तर लुळेपणाचं कारण काय? १९३० च्या दशकात अमेरिकेत थॉमस रिव्हर्सने माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. त्यात कुठलाही विषाणू नव्हता. तरीही माकडांच्या मेंदूत दाह झाला आणि मायलिन गेलं.

म्हणजे हल्ला बाहेरच्या जंतूने केलाच नव्हता. माकडाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीने बाहेरच्या मायलिनला शत्रू समजलं आणि मग घरच्या मायलिनवरही तुटून पडली.

एमएसमध्ये हेच होतं. शरीराचे शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, रक्तवाहिनीची भिंत ओलांडून मेंदूत शिरतात आणि मायलिन खरवडतात. रिंडफ्लाइशला रक्तवाहिनीभोवती जो दाह दिसला होता, तो या शिपायांचा घोळका होता.

पण शिपाई फितूर का होतात?

याचं उत्तर एका शब्दात नाही. काही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

पहिली गोष्ट, जीन्स. एमएसशी जोडलेली २०० पेक्षा जास्त जनुकीय ठिकाणं सापडली आहेत. सगळ्यात मोठा वाटा एचएलए नावाच्या गटातल्या जीन्सचा, जे शिपायांना आपलं कोण आणि परकं कोण हे शिकवतात. आपल्याकडे एमएस तसा कमी, पण मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी पारशी समाजाचा अभ्यास केला, तेव्हा तिथं त्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त आढळलं. शहर तेच, हवा तीच, फरक मोठ्या प्रमाणात वंशाचा.

पण जीन्स म्हणजे नशीब नाही. हुबेहूब जुळ्यांमधल्या एकाला एमएस झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक असते. सगळं जीन्सवर असतं तर ती चारात चार असायला पाहिजे होती.

दुसरी गोष्ट, ऊन. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका एमएस साधारणपणे वाढत जातो. कमी ऊन, शरीरात कमी व्हिटॅमिन डी, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. लहानपणीच देश बदलला तर धोकाही नव्या देशासारखा होत जातो. सिगारेट आणि किशोरवयातला लठ्ठपणा यांनीही धोका वाढतो. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतो.

आणि तिसरी गोष्ट, पिएर मारीला ज्याचा संशय होता तीच. विषाणू.

१९६४ मध्ये एप्स्टीन आणि बार यांच्या संशोधनातून एक विषाणू सापडला होता, एप्स्टीन-बार नावाचा. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळेतून पसरतो, लहानपणी साध्या सर्दीतापासारखा येतो आणि मग आपल्याच एका जातीच्या पांढऱ्या पेशींमध्ये, बी-पेशींमध्ये, आयुष्यभर लपून राहतो.

२०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून जास्त तरुणांच्या नोंदी तपासल्या. सैन्यात एचआयव्हीच्या तपासणीसाठी घेतलेले रक्ताचे नमुने साठवलेले होते. पुढं एमएस झालेल्या ८०१ जणांचे नमुने पाहिले, तर एक सोडून सगळ्यांना आजाराआधी या विषाणूचा संसर्ग झालेला होता. संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटीने वाढत होता. दुसऱ्या विषाणूंच्या बाबतीत असं दिसलं नाही.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने यामागची एक वाट दाखवली. या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनाशी मिळताजुळता आहे. विषाणूला पकडायला तयार झालेलं हत्यार चुकून मेंदूवर चालतं. पोलिसांनी चोराचा फोटो बघून त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या घरमालकाला धरावं, तसं.

मग ९० टक्के लोकांना एमएस का होत नाही? कारण विषाणू ही फक्त काडी. काडी पेटली म्हणून घर जळत नाही, कोरडं गवतही लागतं. जीन्स, उन्हाची कमतरता, सिगारेट हे ते गवत.

१०० वर्षांनी

१९९३ मध्ये, शार्कोच्या मृत्यूनंतर बरोबर १०० वर्षांनी, एमएसची वाटचाल बदलणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर झालं. त्यानंतर बरीच औषधं आली. त्यातली काही थेट बी-पेशी कमी करतात, म्हणजे तो विषाणू जिथं लपतो त्याच पेशी. आजार मुळापासून जात नाही, पण झटके कमी होतात आणि अपंगत्व लांबवता येतं. अट एकच, लवकर ओळखला पाहिजे.

२०२० च्या एका जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना एमएस आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराची स्वतंत्र नोंद आहे.

म्हणून घरातल्या कुणाला एका डोळ्याने अचानक अंधुक दिसायला लागलं, हातपाय कित्येक दिवस बधिर राहिले, चालताना तोल जायला लागला, तर टेन्शन आहे, नाटक आहे, नजर लागली, असं म्हणून सोडून देऊ नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. दरवेळी एमएसच असेल असं नाही, पण असेल तर वाया गेलेला वेळ परत मिळत नाही.

साल्पेत्रिएरच्या दारात शार्कोचा ब्राँझचा पुतळा उभारला होता. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना तो वितळवला गेला. पुतळा गेला, नाव राहिलं.

त्या मोलकरणीचं मात्र नावही राहिलं नाही. फ्रॉइडने तिचा किस्सा सांगितला, नाव सांगितलं नाही. तिला हा आजार दुःखाने झाला नव्हता, थंडीने नाही आणि तिच्या कुठल्या चुकीनेही नाही. कपबशा फुटत होत्या त्यात तिचा काही दोष नव्हता, हे सिद्ध करायला जगाला दीडशे वर्षं लागली.